हरणांच्या मोसमातली निवड

पुन्हा शिकाऱ्यांची नारिंगी जाकिटं बाहेर आली. आज सकाळी हॉस्पिटलला जाताना सिग्नलला माझ्यापुढे एक पिकअप ट्रक थांबला. त्याच्या मागच्या फळीवर हरीण आडवं पडलं होतं. जीभ दातांत चावली गेलेली, पोट उभं चिरून रिकामं केलेलं, कानाला परवान्याची चिठ्ठी. इंजिनाच्या थरथरीने त्याचे पाय अजून हलत होते. सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न मारला, तरी माझा पाय ब्रेकवरून निघेना. भीती वाटली म्हणून नव्हे. मला राग आला होता. तीन वर्षांपूर्वीचा राग, जशाचा तसा, जणू मधे एकही दिवस गेला नाही.

थंडी आली की काहींना सर्दी होते. मला हा राग होतो.

आमचं ऑस्टिओपॅथिक मेडिकल कॉलेज डोंगरातल्या एका छोट्या गावात आहे. हर्नडनहून, म्हणजे माझ्या घराहून, गाडीने अर्धा दिवस. या गावात नोव्हेंबर म्हणजे बंदुका. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी इथल्या शाळांना सुट्टी असते, कारण पोरं, मास्तर आणि मुख्याध्यापक सगळेच हरणं मारायला रानात गेलेले असतात. आमच्या कॉलेजलाही असते. पहाटेपासून चारी बाजूंच्या टेकड्यांमधून गोळ्यांचे आवाज येतात आणि पेट्रोल पंपावर लोक एकमेकांना विचारतात, "मिळालं का?" पहिल्या वर्षी मी या गावात नवीन होते. त्या आवाजांनी माझ्या हातातला कप दोनदा सांडला. तिसऱ्यांदा सांडला नाही. माणसाला इतक्या लवकर सवय होते, याची मला शिसारी आली.

त्याच नोव्हेंबरात आम्हाला वाट निवडायची होती.

आमच्या कॉलेजात डॉक्टर होण्याच्या तीन वाटा आहेत. पहिले काही महिने सगळे एकत्र शरीररचना शिकतात, आणि जानेवारीपासून वर्ग तीन वाटांत फुटतो. पहिली वाट मोठ्या हॉलची. समोर प्राध्यापक, पडद्यावर चित्रं, खाली रांगेत शंभरावर डोकी. दुसरी टेबलाची. आठ विद्यार्थी एका टेबलाभोवती बसतात, त्यांच्यापुढे एका रुग्णाची हकीकत एकेक पान करून येते आणि त्याला काय झालंय ते त्यांनी आपसांत भांडून, शोधून, वाचून काढायचं. एक डॉक्टर सोबत बसतो, पण उत्तर द्यायची त्याला बंदी. तिसरी वाट एकट्याची. काय यायला हवं ते सांगतात, पुस्तकं सांगतात आणि सोडून देतात. परीक्षेला हजर व्हायचं, बस्स.

तिन्ही वाटांनी तोच डॉक्टर तयार होतो असं कॉलेज म्हणतं. माझा त्यावर तेव्हाही विश्वास नव्हता, आता तर मुळीच नाही.

शिवाय आम्हाला सगळ्यांनाच हातांनी शिकायचं असतं. बाकी डॉक्टर शिकतात ते सगळं आम्ही शिकतोच, वर हातांनी हाडं आणि स्नायू तपासायला, सैल करायला, जागेवर आणायला शिकतो. त्याची लॅब असते. तिथे विद्यार्थी एकमेकांवरच शिकतात. कपडे उतरवून, शॉर्ट्सवर, टेबलावर पालथे. ज्याच्याशी सकाळी भांडलात त्याच्या पाठीवर दुपारी हात ठेवायचा.

हर्नडनमधल्या शैलाकाकूंना हे सगळं सांगता सांगता माझी जीभ थकली होती. शैलाकाकू आमच्या शेजारी राहतात, मूळच्या नागपूरच्या, आणि प्रत्येक सणाला सगळी मराठी मंडळी त्यांच्याचकडे जमतात. त्या वर्षी थँक्सगिव्हिंगला पुलाव, छोले आणि गाजर हलवा होता. हातात डिश घेऊन त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पण मुक्ता, म्हणजे खरी डॉक्टर ना गं? की ते पाठ मोडून देतात त्यातलं?"

"खरी डॉक्टर, काकू. औषधं देणारी, ऑपरेशन करणारी."

"मग पाठ कशाला मोडता?"

"सवड मिळाली की मोडतो."

सगळे हसले. काकूंचा मुलगा सोफ्यावरून न बघता म्हणाला, "मॉम, इट्स अ रिअल डिग्री." काकू त्याच्यावर डाफरल्या आणि लगेच माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "बरं, असू दे. इथे बघ जरा, डाव्या बाजूला. लॅपटॉपमुळे झालंय." बघता बघता मागे रांग लागली. एका हातात डिश, दुसऱ्या हाताने कंबर धरून उभे असलेले प्रोजेक्ट मॅनेजर. दोन महिने शिकलेल्या मुलीच्या हाती पाठ द्यायला आपली माणसं जराही कचरत नाहीत, हे मला हर्नडनमध्येच कळलं.

बाबा त्या रांगेत नव्हते. ते खिडकीशी बसून मऊ तेवढं खात होते.

माझे बाबा मिरजेत एका छोट्या छापखान्यात काम करायचे आणि पत्रकं लिहायचे. अंगात येण्याविरुद्ध. हुंड्याविरुद्ध. घूंघट, बुरखा आणि मंगळसूत्र, तिन्हींविरुद्ध एकाच पत्रकात, त्यामुळे त्यांना तिन्हीकडून शिव्या मिळाल्या. मी वाचायला शिकले ती त्यांच्या कच्च्या छपाईच्या कागदांवर. खेळणी कमी होती, पत्रकं भरपूर होती. मी आणि आई जमिनीवर बसून त्यांच्या घड्या घालायचो, नखाने घडीवरून रेघ ओढायचो, आणि शाई बोटांना लागली की ती चार दिवस जात नसे. "विचारल्याशिवाय मानू नका" हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा छापलं गेलं की मला ते अंगाई वाटायचं. मग आईला इथे सॉफ्टवेअरची नोकरी मिळाली, आम्ही तिच्या मागोमाग आलो, आणि पत्रकं लिहिणारा माणूस हर्नडनच्या एका अपार्टमेंटमध्ये काम करायची परवानगी नसलेला नवरा होऊन बसला. दाढी तशीच. खांद्याला शबनमही तशीच.

दोन हजार एकच्या त्या पानगळीत, विमानं आदळून जुळे मनोरे पडल्यावर सगळा देश रागाने पेटलेला असताना, किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये दोघा तरुणांनी त्यांना अडवलं. आई गाडीत होती, सीटबेल्ट लावून. काचेतून तिने सगळं पाहिलं. त्यांनी विचारलं, "तू मुसलमान आहेस का?" बाबांनी उलट विचारलं, "कशासाठी विचारताय?" त्यांनी पुन्हा विचारलं. बाबांनी पुन्हा तेच विचारलं. मग पहिली मूठ बसली, आणि बाबा पडल्यावर बूट. जबडा दोन ठिकाणी मोडला. आईला सीटबेल्ट सोडवता येईना. ती आजही सांगते की तिने हॉर्नवर दोन्ही हात ठेवले आणि ओरडत राहिली, आणि दुकानातून बाहेर आलेली माणसं हॉर्नमुळे वैतागून तिच्याकडे बघत होती.

आमच्या घरातलं सगळ्यात मोठं भांडण या प्रसंगाचं आहे. ते अजून मिटलेलं नाही.

"एक 'नाही' म्हणायला काय जात होतं हो तुमचं?" आई म्हणते. "देवच मानत नाही तुम्ही. खोटंसुद्धा बोलावं लागलं नसतं."

"मी 'नाही' म्हटलं असतं तर ते पुढच्या माणसाकडे गेले असते," बाबा म्हणतात. "माझं 'नाही' त्याच्या पत्त्यासारखं झालं असतं."

जबडा तारांनी बांधलेला होता तेव्हा हे भांडण पाटीवर व्हायचं. आई बोलायची, बाबा लिहायचे, आणि राग अनावर झाला की पाटी उलटी करून ठेवायचे. अठरा वर्षांची मी मधे बसलेली असायचे. त्या दोघा तरुणांची तोंडं मी पाहिलेली नव्हती, तरी रोज झोपण्याआधी ती मी फोडायचे. सावकाश, एकेक दात. डॉक्टर होऊ बघणाऱ्या मुलीने असं लिहू नये म्हणतात. पण हिंसा फक्त त्यांच्या मुठींत होती असं लिहिलं तर ते खोटं पत्रक होईल.

म्हणून शरीररचनेच्या तासाला बरगड्या कापायची कात्री पहिल्यांदा हातात आली तेव्हा बाकीचे मागे सरकले, मी नाही. कडकड आवाज व्हायचा. कवटीवर करवत फिरायची आणि जळक्या हाडाचा वास केसांत बसायचा. आमच्या टेबलावरचं शव एका म्हाताऱ्या माणसाचं होतं. मी त्याचा जबडा सोलला, सांधा मोकळा केला, हलवून बघितला. किती लहानसा सांधा. त्याच्यावर माणसाची सगळी भाषा उभी असते आणि तो एका बुटाने निखळतो.

निवडीआधी प्रत्येकाला तिन्ही वाटा चाखायला देत. टेबलाच्या आठवड्यात मी ज्या आठांत पडले त्यात कोल होता आणि सादिया होती. बाकीची पाच माणसं चांगली होती, आणि नंतरच्या प्रसंगात त्यांनी चांगल्या माणसांसारखं खाली बघितलं, एवढंच त्यांच्याबद्दल लिहिते.

कोल याच डोंगरातला. उंच, लालसर, सगळ्यांच्या गाड्या बर्फातून ढकलून देणारा. पानावरची अक्षरं त्याला नीट लागत नसत. एक पान वाचायला त्याला माझ्या चौपट वेळ जायचा, पण एकदा ऐकलं, त्यावर बोललं, की कायमचं पक्कं. हॉलमध्ये तो बुडणार हे त्याला ठाऊक होतं. टेबल हीच त्याची होडी होती.

सादिया टोलेडोची, आईवडील लाहोरचे. डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ आणि जिभेला धार; इंग्रजी बोलता बोलता ती उर्दूत घसरायची. कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात तिने मला विचारलं, "मुक्ता म्हणजे?" मी सांगितलं, मोकळी. ती म्हणाली, "अच्छा. और मैं क़ैदी?" तिथून आमचं सुरू झालं. जेवताना, पार्किंगमध्ये, शवाच्या दोन बाजूंना उभं राहून. मी तिला बाबांचं ते पत्रक तोंडी भाषांतर करून ऐकवलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझ्या अब्बांनी लिहिण्याआधी किती बुरखेवाल्यांना विचारलं होतं?" मी म्हणाले, "ते तुला भेटले तर तुझ्याशी वाद घालतील." "और फिर?" "चहा देतील. मग परत वाद घालतील." ती हसली नाही. म्हणाली, "चाय मैं पी लूँगी."

आम्ही मैत्रिणी होतो असं कोणी समजू नये. ती माझ्या डोक्यात जायची. मी तिच्या जायचे.

टेबलावर मात्र ती वाघीण होती. आमच्यापुढचा रुग्ण होता झाडावरच्या मचाणावरून पडलेला शिकारी. पाय हलत नव्हते, श्वास उथळ होत होता. प्रत्येक पानाला आम्ही एकमेकांवर तुटून पडायचो. आमच्यासोबत बसणारे डॉ. हॅनन म्हातारे होते. उत्तर द्यायची बंदी असल्यामुळे ते दिवसभर सफरचंदं सोलून एकेक फोड आमच्याकडे सरकवत. कोल हरणाच्या धडाची उपमा देऊन मणका समजावून सांगायचा, सादिया त्याची चूक वाक्याच्या मधेच पकडायची, मी दोघांवर ओरडायचे. बाबांचे मिरजेतले अभ्यासवर्ग आठवायचे मला. सतरंजीवर गोल बसलेली माणसं, हातवारे, फुटलेले कप. मला वाटलं, हीच माझी वाट. इथे कोणी सांगतं म्हणून मानायचं नाही.

पण या वाटेची एक रीत होती. टेबलावरचे आठ पुढे दोन वर्षं एकत्र राहत, लॅबही आपसांतच करत, पाळीपाळीने एकमेकांच्या पाठी बदलून. म्हणून शेवटच्या दिवशी प्रत्येकाने बाकी सातांकडे बघून मोठ्याने म्हणायचं: हो, मी यांच्याबरोबर बसेन. एकानेही नकार दिला आणि बोलून मिटलं नाही, तर ते टेबल मोडायचं आणि आठही जण हॉलमध्ये. बाकी टेबलं भरलेली असायची.

आणि सादिया मुलांसमोर कपडे उतरवणार नव्हती. तिने ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. रुग्ण कोणीही असो, त्याला ती हात लावणार होती. तिच्या पाठीवर मात्र फक्त आम्ही मुलींनी शिकायचं.

सोमवारी, बंदुकांच्या सुट्टीला, कोलने आम्हा सहाजणांना त्याच्या घरी बोलावलं. सादियाला बोलावलं नव्हतं. मला वाटलं विसरला. घरामागच्या गोठ्यात आढ्याला हरीण उलटं टांगलेलं होतं आणि कोल त्याचं कातडं उतरवत होता. चाकू फारसा लागत नव्हता. तो मूठ घालून ओढायचा आणि कातडं ओल्या स्वेटरसारखं फरफरत खाली यायचं. बादलीत रक्त साकळलं होतं. बाहेर टेकडीवर कोणीतरी गोळी झाडली आणि गोठ्याच्या पत्र्याने ती परत उच्चारली.

"सादियाबद्दल बोलायचं होतं," कोल म्हणाला. "ती हॉलमध्ये जास्त कम्फर्टेबल असेल. तिथे पार्टनर आपला आपण निवडता येतो. एखादी मुलगी निवडेल ती. सगळ्यांचाच फायदा."

"तिने तसं म्हटलं?"

"तिला कोणी विचारलेलं नाही. तू विचार ना. तुम्ही एकाच भागातल्या."

"आमच्या दोन देशांच्या चार लढाया झाल्यात, कोल."

तो गोंधळला. मग हसला. तो खरंच निर्मळ हसायचा. "बघ, मला वाईट वागायचं नाही. पण हात शिकवायचे तर वेगवेगळ्या पाठी हव्यात. आम्हा चौघांना एक कमी मिळणार, तुम्हा तिघींवर जास्त भार पडणार. आणि तुलाही तो स्कार्फ पटत नाही. रोज तू तिच्याशी त्यावर भांडतेस. आम्ही सगळे ऐकतो."

तिथे माझ्या आत काहीतरी सुटलं. मी तिच्याशी भांडत होते ते तिच्या तोंडावर. या माणसाने माझं भांडण उचललं होतं आणि त्याचा चाकू केला होता. गोठ्यातली बाकीची पाचजणं बादलीकडे बघत होती. मला त्या क्षणी कोलच्या हसऱ्या तोंडावर बुक्की मारायची होती. नाकाचं हाड कुठून मोडतं ते मला आता नीट माहीत होतं. माझी मूठ वळली होती, अंगठा बाहेर, बरोबर.

"तिच्यासोबत बसायचं नसेल तर 'नाही' म्हण," मी म्हणाले. "टेबलावर. तिच्याकडे बघून."

"असं कोण तोंडावर बोलतं?" कोल म्हणाला. त्याला खरोखरच धक्का बसला होता. "ते किती क्रूर होईल."

त्याच्या मागे हरीण सोललेलं लोंबत होतं.

शेवटचा दिवस. डॉ. हॅननच्या हातात सफरचंद. फेरी सुरू झाली. एक हो, दुसरं हो, तिसरं हो, सगळे खाली बघून. कोलची पाळी आली आणि तो म्हणाला, "हो... म्हणजे, जर प्रत्येकाला खरंच इथेच बरं वाटणार असेल तर."

"हे 'हो' नाही," डॉ. हॅनन म्हणाले.

सादियाने एकेकाकडे बघितलं. ती हुशार होती. कोणतं पान कोणाला आधी मिळालंय हे तिला तिथल्या तिथे कळलं. तिचा चेहरा बदलला नाही. तिने पेनला टोपण लावलं आणि म्हणाली, "माझा प्रॉब्लेम असेल तर मी जाते. मला तसंही..."

"नाही," मी म्हणाले.

म्हणाले म्हणजे किंचाळले. टेबलावर दोन्ही हात आपटले, सफरचंदाच्या फोडी उडाल्या. ही गेली तर मी उरलेल्या सहांपैकी कोणाबरोबरही बसणार नाही. जो तोंडावर बोलत नाही त्याच्या हातात मी माझी पाठ देणार नाही. तुम्ही माणसाला कातडं सोलावं तसं अलगद काढता, आवाज न करता, आणि त्याला सौजन्य म्हणता. इंग्रजीत सुरू केलं आणि मधेच मराठीत घसरले, आणि कोणाला कळत नव्हतं तरी थांबले नाही. कोल पांढरा पडला. "मुक्ता, प्लीज," तो म्हणाला. "मला हॉलमध्ये जमणार नाही. तुला माहीत आहे." मला माहीत होतं. "मग सरळ 'हो' म्हण," मी म्हणाले. "जर-तर काढून."

तो ओठ आवळून बसला. त्याच्या एका शब्दाने टेबल वाचलं असतं, आणि तेवढं त्याच्याने झालं नाही. डॉ. हॅनननी चाकू मिटून खिशात टाकला. टेबल मोडलं.

संध्याकाळी मी घरी फोन केला. बाबा शाबासकी देतील अशी माझी खात्री होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांच्या त्या जरा वाकड्या, सावकाश उच्चारात म्हणाले, "मी माझा जबडा दिला होता, मुक्ता. तू दुसऱ्यांचं टेबल दिलंस."

"बाबा, त्यांनी तिला—"

"कळलं मला. तू बरोबर असशील. पण त्या पोराला अक्षरं लागत नाहीत म्हणालीस. त्याला कोण वाचून दाखवणार आता?"

फोन तिकडे हिसकावल्याचा आवाज आला. आई. "तुमचा जबडा तुमच्या एकट्याचा होता का हो? गाळून गाळून सूप कोण पाजत होतं? माझी नोकरी सांभाळून?" मग मला, "आणि तू! भांडून झालं असेल तर जेव. हॉल तर हॉल. समोर बसून लिहून घे." मागून बाबा काहीतरी म्हणाले आणि तिकडचं भांडण मला विसरून सुरू झालं. मी बराच वेळ ऐकत राहिले.

तो प्रश्न मी अजून सोडवलेला नाही. ज्याची किंमत दुसराही मोजतो ते तत्त्व कुणाचं? पत्रकात हे नसतं. पत्रकाला चार पानं असतात, आणि चौथ्या पानाच्या शेवटी सगळं ठरलेलं असतं. कोल हॉलमध्ये बुडला. मी त्याच्या शेजारी बसून वाचून दाखवीन म्हणून गेले होते. त्याने सभ्यपणे नको म्हटलं, तोंडावर, पहिल्यांदाच. त्याला ते वर्ष पुन्हा करावं लागलं. आणि तरीही माझं ते 'नाही' मी आज, त्या ट्रकमागे थांबून, पुन्हा चघळून बघितलं, आणि ते गिळून टाकायला मी तयार नाही. घरची, सभ्य, हसरी हिंसा ही बुटाच्या हिंसेची धाकटी बहीण आहे. तिला दारातच ओळखावं लागतं. मोठी झाली की ती कोणाला विचारून येत नाही.

पण सगळ्यात जास्त चिडली होती सादिया. त्याच दिवशी तिने मला पार्किंगमध्ये गाठलं. "तुमसे किसने कहा था?" ती म्हणाली. "मला तिसरी वाट घ्यायची होती! एकटीची! टोलेडोला राहून! मी तेच सांगत होते आणि तू मधे किंचाळलीस. अब तो सब हॉल में. उशीर झाला म्हणून आता बदलूनही देत नाहीत. आणि पूर्ण वर्गाला मी कोण? जिच्यामुळे टेबल मोडलं ती. तू नाहीस, मी!"

"ते तुला काढत होते."

"मालूम है! मला आयुष्यभर काढतात. कसं निघायचं ते मी ठरवते. तुझ्या पत्रकात माझा फोटो छापायचा असेल तर आधी विचार!"

आणि तिने माझ्या गाडीच्या दारावर लाथ मारली. दाराला पोचा पडला. तो मी दुरुस्त केला नाही.

हॉलमधल्या लॅबमध्ये पार्टनर आपला आपण निवडायचा असतो. मला कोणी निवडेना, कारण मी टेबल मोडणारी. सादियाला कोणी निवडेना, कारण काय ते सगळ्यांना माहीत होतं. खोलीच्या टोकाला, पडद्यामागे, आम्ही दोघी एका टेबलाशी उरलो. वर्षभर आम्ही एकमेकींच्या पाठीवर शिकलो आणि कामाखेरीज अवाक्षर बोललो नाही. पहिला महिना तिचे हात दगडासारखे होते. माझेही असणार. तिच्या उजव्या खांद्याखाली एक गाठ होती, ती बोलायला लागली की घट्ट व्हायची. ते मला शब्दांशिवाय कळायला लागलं. हॉलमधल्या तासांपेक्षा जास्त शरीर मी त्या चिडलेल्या पाठीवर शिकले.

पुढचा नोव्हेंबर आला. टेकड्यांतून गोळ्या सुरू झाल्या. त्या आठवड्यात आम्हाला मानेचा झटका शिकवला. रुग्ण उताणा. डोकं दोन्ही हातांत धरायचं, मान अडेपर्यंत वळवायची, आणि तिथून एक लहान, झटपट हिसका. झटका चुकला तर काय होऊ शकतं ते प्राध्यापकांनी आधी सांगितलं, नंतर पुन्हा सांगितलं. रुग्णाने मान धरून ठेवली तर झटका द्यायचा नाही, हेही सांगितलं. स्नायू ज्याच्यावर विश्वास नसतो त्याला आत येऊ देत नाहीत.

मी उताणी झाले. सादिया माझ्या डोक्याशी उभी राहिली. उलट्या बाजूने तिचा चेहरा ओळखू येत नव्हता, फक्त स्कार्फची कड आणि हनुवटी. तिचे गार हात माझ्या कवटीखाली आले. तिने डोकं उचललं, वळवलं, थांबली. पुन्हा मधे आणलं. पुन्हा वळवलं. पुन्हा थांबली.

"पकड के रखा है तूने," ती म्हणाली.

"नाही."

"मुक्ता. मेरे हाथ में है. मला कळतं."

ती बरोबर होती. मानेतला प्रत्येक स्नायू दातओठ खात उभा होता. मी श्वास सोडला, काही झालं नाही. पुन्हा सोडला. बाहेर गोळी वाजली आणि मान आणखी आवळली गेली. सादियाने घाई केली नाही. माझं सगळं डोकं तिच्या तळव्यांत होतं, आणि तिचा राग पुरेपूर शाबूत होता, मला तो तिच्या बोटांतून लागत होता. माफ केलंय असं तिने म्हटलं नव्हतं. मी मागितलीही नव्हती.

"अजून चिडलेली आहेस?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली. "सोड."

मी मान सैल सोडली.